आईच्या अँटिबॉडी बाळापर्यंत कशा पोचतात: वार, चीक आणि त्यातले धोके

पेशीमित्र (धागाकर्ता)

गरोदरपण आणि प्रतिकारशक्ती हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: निम्मे गुण बापाचे असलेला गर्भ आईचं शरीर परका म्हणून फेकून का देत नाही? पीटर मेडावार यांनी १९५३ साली हा प्रश्न मांडला आणि त्यावर आजवर भरपूर लिहिलं गेलंय. या धाग्यात मला दुसरी बाजू हवी आहे. आईची प्रतिकारयंत्रणा या काळात नुसती सोसत बसलेली नसते. ती आयुष्यभर जमवलेल्या अँटिबॉडी (जंतू आणि विषं ओळखून निकामी करणारी प्रथिनं) बाळाला पुरवत असते. हा पुरवठा कुठून होतो, कधी होतो आणि कधी अंगाशी येतो, यावर पशुवैद्यक, प्रसूतिशास्त्र आणि रक्तपेढीतल्या मंडळींनी लिहावं.

सुरुवात पॉल एर्लिख यांच्या १८९२ सालच्या प्रयोगापासून करतो. गुंजेच्या बियांत ॲब्रिन आणि एरंडाच्या बियांत रिसिन ही जहाल विषं असतात. ती अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत देऊन एर्लिख यांनी उंदीर त्या विषांना सरावलेले केले. मग सरावलेल्या माद्यांची आणि साध्या माद्यांची नुकती जन्मलेली पिल्लं अदलाबदल करून पाजायला ठेवली. साध्या आईची पिल्लं सरावलेल्या मादीच्या दुधावर वाढली तर तीही विषाला टिकली. नर सरावलेला आणि मादी साधी असेल, तर पिल्लांना काहीच मिळालं नाही. म्हणजे हे संरक्षण बीजातून येत नाही, आईच्या रक्तातून आणि दुधातून येतं.

आता माणसाकडे. आपल्या वारेत आईचं रक्त थेट गर्भाच्या बाजूच्या पेशींना भिडतं. तिथल्या बाहेरच्या थरात एफसीआरएन नावाचा रिसेप्टर असतो. पेशी आईच्या रक्तातला द्रव सूक्ष्म थेंबांनी आत घेते, त्या थेंबाभोवतीची पिशवी आम्ल होते, पीएच ६ च्या आसपास आला की आयजीजी या प्रकारची अँटिबॉडी रिसेप्टरला चिकटते आणि पलीकडे पीएच ७.४ मिळाला की सुटते. वेल्समधल्या बँगर इथे काम करणाऱ्या ब्रॅम्बेल यांनी असा काहीतरी वाहक असणार हे रिसेप्टर सापडण्याच्या कितीतरी आधी, १९५८ च्या सुमारास, सशांवरच्या कामातून मांडलं होतं.

हा रिसेप्टर फक्त आयजीजी ओळखतो. आयजीएम आणि आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी वार ओलांडत नाहीत. आयजीजीमध्येही आयजीजी-१ सर्वांत जास्त आणि आयजीजी-२ सर्वांत कमी जाते.

वेळापत्रक असं: तेराव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात. १७ ते २२ आठवड्यांत बाळाच्या रक्तात आईच्या प्रमाणाच्या जेमतेम ५ ते १० टक्के. २८ ते ३२ आठवड्यांत निम्म्याच्या जवळ. दिवस पूर्ण भरले की बाळाचं प्रमाण आईपेक्षाही जास्त होतं. बहुतेक भरणा शेवटच्या तिमाहीत होतो, ही गोष्ट पुढच्या जवळपास प्रत्येक मुद्द्यात लागणार आहे.

---

वासरू_आधी

माणसात हे काम वार करते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडी आणि डुकरीण यांच्यात वारेतून अँटिबॉडी जवळजवळ जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आयजीजी नसल्यातच जमा असते. ती सगळी भरपाई चिकातून होते.

गाय व्यायच्या आधी साधारण तीन ते पाच आठवडे कास आईच्या रक्तातली आयजीजी-१ खेचून साठवायला लागते. म्हणून भाकड काळ महत्त्वाचा. गाय वेळेवर आटवली नाही, शेवटपर्यंत धार काढत राहिलं, की चीक पातळ आणि कमी निघतो. व्यायच्या आधीच सडांतून दूध गळत असेल तरी तेच, चांगला माल जमिनीवर गेलेला असतो.

वासराच्या आतड्याला या मोठ्या प्रथिनांना अख्खंच्या अख्खं रक्तात सोडायची क्षमता जन्मल्यावर थोडे तासच असते. सहा तासांनंतर ती उतरायला लागते आणि २४ तासांत बंद होते. एकदा बंद झाली की बादलीभर चीक पाजला तरी रक्तात काही जात नाही, आतड्यात थोडंफार स्थानिक संरक्षण मिळतं एवढंच.

आता हिशोब. ३० किलोचं संकरित वासरू घ्या. वजनाच्या १० टक्के म्हणजे ३ लिटर, पहिल्या दोन ते चार तासांत. पुढे आठ ते बारा तासांनी आणखी दीड लिटर. पहिल्या वेळी वासरू दोन लिटरच प्यायलं तर उरलेलं सहा तासांच्या आत पाजा.

चांगल्या चिकात लिटरला ५० ग्रॅम किंवा जास्त आयजीजी असते. ३ लिटरमध्ये १५० ग्रॅम. त्यातलं साधारण ३० टक्के रक्तात उतरतं, म्हणजे ४५ ग्रॅम. ३० किलोच्या वासराच्या अंगात प्लाझ्मा साधारण २.७ लिटर. भागाकार केला की लिटरला १६ ग्रॅमच्या वर येतं. किमान १० ग्रॅम हवं असतं, तेव्हा हे वासरू निभावलं. तोच चीक लिटरला २५ ग्रॅमचा निघाला तर रक्तात ८ च्या आसपास येतं आणि वासरू काठाच्या खाली राहतं. पोट तेवढंच भरलेलं, चूळभर कमी नाही, तरी पंधरा दिवसांत हगवण किंवा न्यूमोनिया होऊन जातं. शेतकरी म्हणतो, मी तर भरपूर पाजला होता.

रंग आणि दाटपणा पाहून प्रत ठरवू नका, फसगत होते. द्राक्षबागायतदारांकडे साखर मोजायचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर असतो, तोच इथे चालतो. काच पुसायची, चीक खोलीच्या तापमानाला आला की एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून रेघ वाचायची. २२ किंवा वर असेल तर पहिल्या पाजणीला वापरा. खाली असेल तर दुसऱ्या गायीचा चांगला चीक वापरा, नसेलच तर पाजायचं प्रमाण वाढवा.

---

निशिगंध

दोन प्रश्न. एक, अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत. त्याने किती नुकसान होतं? दोन, खरवसात यातलं काय उरतं?

---

वासरू_आधी

नुकसान मोठं होतं. गायीची वार पडायला आठ ते बारा तासही लागू शकतात आणि ते नॉर्मल आहे. तेवढ्यात वासराच्या आतड्याची सर्वांत चांगली वेळ निघून जाते. शिवाय वासरू कासेला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार सुटायला मदतच होते. थांबून दोन्हीकडून तोटा. दुसरी गोष्ट, धार काढायला उशीर केला तर कासेतला चीकही पातळ होत जातो. व्याल्यानंतर पहिल्या दोन तासांत पहिली धार काढा.

कास आधी कोमट पाण्याने धुऊन पुसा. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या टाका. भांडं स्वच्छ हवं, कारण शेणातले जंतू चिकासोबत गेले तर आतड्यात अँटिबॉडीचं शोषण कमी होतं. बाटलीने पाजताना वासराची मान कासेला पिताना असते तेवढ्याच उंचीवर ठेवा. मान आभाळाकडे वर केली की चीक फुप्फुसात जायची भीती.

खरवसाबद्दल: चीक ६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला तर जंतू बरेच मरतात आणि अँटिबॉडी टिकतात. त्याच्यावर दोन-चार अंश गेलं की चीक घट्ट व्हायला लागतो आणि अँटिबॉडी मोडतात. खरवस वाफेवर पूर्ण शिजतो, तेव्हा त्यात प्रथिनं उत्तम आहेत, अँटिबॉडी नाहीत. खरवस जरूर करा, पण पहिल्या धारेचा करू नका. वासराचा वाटा झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा करा, त्यातही तो छान लागतो. आणि कच्चा चीक माणसाने पिऊ नये. गायीला ब्रुसेला (जनावरांतून माणसात येणारा जंतू) असेल तर तो चिकातून येतो.

---

मावळतीकर

माणसांच्या बाजूचं व्यवहारातलं लिहितो.

वारेतून आयजीजी जाते हे कळल्यामुळे गरोदर आईला लस देऊन बाळाला वाचवता येतं. धनुर्वात हे याचं सर्वांत जुनं, सर्वांत यशस्वी उदाहरण. नाळ अस्वच्छ पात्याने कापली की नवजात बाळाला धनुर्वात व्हायचा, आणि बाळाला जन्मल्यावर लस देऊन उपयोग नाही, त्याला अँटिबॉडी बनवायला आठवडे लागतात. आईला टोचलं की बाळ अँटिबॉडी घेऊनच जन्मतं. आता नुसत्या धनुर्वाताच्या टीटी लशीऐवजी धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची टीडी देतात. गरोदरपण कळल्यावर लवकरात लवकर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, दर वेळी अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. मागच्या तीन वर्षांत आधीच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील तर एकच बूस्टर. माता आणि नवजात धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ साली प्रमाणित झालं, त्यात सुरक्षित प्रसूतीइतकाच या टोचणीचा वाटा आहे.

डांग्या खोकल्याची टीडॅप लस २७ ते ३६ आठवड्यांत देतात. कारण पेशीमित्र यांनी दिलेलं वेळापत्रक. आईच्या रक्तात अँटिबॉडी चढायला टोचल्यानंतर किमान दोन आठवडे लागतात आणि नंतर त्या वारेतून जायला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात टोचली तर आई सुरक्षित, बाळ मोकळंच. आधीच्या गरोदरपणात घेतली असेल तरी प्रत्येक वेळी पुन्हा घ्यायची, कारण आईतलं प्रमाण उतरत जातं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ याच हिशोबात मागे राहतं. त्याची आई पूर्ण लसवंत असली तरी भरणा अर्धवट झालेला असतो. फुप्फुसांची चर्चा सगळे करतात, या कमतरतेकडे लक्ष कमी जातं.

या उसन्या अँटिबॉडीचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बाळाचं प्रमाण सर्वांत खाली असतं. आणि जोवर त्या आहेत तोवर जिवंत लशीला त्या हाणून पाडतात. म्हणून आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. लवकर टोचला तर आईच्या अँटिबॉडी लशीतला विषाणू बाळाच्या शरीराने ओळखायच्या आधीच संपवतात.

आईच्या पहिल्या दुधाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून: माणसाच्या चिकात मुख्यतः आयजीए असते. ती रक्तात जात नाही, घशात आणि आतड्यात अस्तरावर राहून काम करते. पहिल्या दिवशी चीक अगदी थोडा, चमचा-दीड चमचा एका वेळी, आणि बाळाच्या पोटाला तो पुरतो. जन्मल्यापासून एका तासात पाजा. सिझेरियन असेल तरीही. मध, साखरपाणी, गुटी काही नको.

---

निशिगंध

मग आरएचचा त्रास (आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह) याच वाटेने होतो ना? पहिलं बाळ सुटतं आणि दुसऱ्याला का होतं, हे नीट कुणी सांगेल का? बहुतेक ठिकाणी "इंजेक्शन घ्या" एवढंच लिहिलेलं असतं.

---

चाचणीनळी

हो, वाट तीच. न्यूयॉर्कमध्ये लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी १९३९ साली एका बाईच्या रक्तातली अशी अँटिबॉडी नोंदवली, तिचा गर्भ पोटातच गेला होता आणि नवऱ्याचं रक्त चढवल्यावर तिला रिॲक्शन आली होती. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच घटक मांडला.

डी हा आरएचमधला मुख्य घटक, रक्तगटातलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह त्यावरूनच ठरतं. क्रम असा. आई डी-निगेटिव्ह, बाळ डी-पॉझिटिव्ह. गरोदरपणात दोघांचं रक्त फारसं मिसळत नाही. प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाच्या काही पेशी आईत शिरतात. आईची पहिली प्रतिक्रिया सावकाश, आठवड्यांनी येते आणि आधी आयजीएम असते, जी वार ओलांडत नाही. तोवर बाळ पाळण्यात असतं. पण स्मृतिपेशी तयार झालेल्या असतात. पुढच्या गरोदरपणात डी-पॉझिटिव्ह बाळाच्या थोड्याशा पेशी दिसल्या की लगेच आयजीजी बनते, एफसीआरएन ती इमानाने पलीकडे पोचवतो, आणि बाळाच्या लाल पेशी फुटायला लागतात. रक्तक्षय, कावीळ, शेवटी अंगभर पाणी साठून मृत्यू. रिसेप्टरला ही अँटिबॉडी धनुर्वाताविरुद्धची आहे की बाळाच्याच रक्ताविरुद्धची, हे कळत नाही. तो फक्त शेपटाचा भाग ओळखतो.

काहीच केलं नाही तर, रक्तगट जुळता असताना, अशा आईला साधारण १६ टक्के वेळा ही अँटिबॉडी होते. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर धोका २ टक्क्यांच्या आसपास येतो, कारण आईच्या रक्तात आधीपासूनच असलेल्या अँटी-ए, अँटी-बी या अँटिबॉडी बाळाच्या पेशी फोडून टाकतात, डीची ओळख पटायला वेळच मिळत नाही. अँटी-डी (डीविरुद्धची तयार अँटिबॉडी) इंजेक्शनने द्यावी ही कल्पना पुढे यायला या निरीक्षणाचा मोठा हातभार आहे. इंग्लंडात लिव्हरपूलच्या आणि अमेरिकेत न्यूयॉर्कच्या गटाने १९६० च्या दशकात हे काम केलं आणि १९६८ पासून इंजेक्शन वापरात आलं.

प्रसूतीनंतर रक्तपेढीकडे काय पाठवायचं, इथे चुका होतात म्हणून सविस्तर.

नाळेचं रक्त, बाळाच्या रक्तगटासाठी आणि थेट कूम्ब्स चाचणीसाठी (बाळाच्या लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का हे बघणारी). नाळ दाबून रक्त काढलं की तिच्यातला चिकट जेलीसारखा पदार्थ नमुन्यात येतो आणि पेशी खोट्याच गुठळतात. नाळ पुसा, सुईने शिरेतून रक्त घ्या, आणि प्रयोगशाळेने पेशी सलाइनने नेहमीपेक्षा जास्त वेळा, सहा वेळा धुवाव्यात. आई आधीच तीव्र संवेदित असेल तर उलटीही चूक होते: बाळाच्या पेशींवरच्या सगळ्या डी जागा आईच्या अँटिबॉडीने व्यापलेल्या असतात आणि बाळ चुकून डी-निगेटिव्ह दिसतं. कूम्ब्स जोरात पॉझिटिव्ह आणि गट निगेटिव्ह असं दिसलं की निकाल सोडू नका.

आईचं रक्त, प्रसूतीनंतर साधारण तासाभराने, क्लाइहाउअर-बेट्के चाचणीसाठी, म्हणजे आईत बाळाच्या किती पेशी शिरल्या ते मोजायला. काचपट्टीवर पातळ थर पसरवून आम्लात बुडवतात. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन धुऊन निघतं आणि पेशी पोकळ, फिकट दिसतात. बाळाचं हिमोग्लोबिन टिकतं आणि पेशी गडद गुलाबी दिसतात. दोन हजार पेशी मोजा. टक्केवारीला ५० ने गुणलं की आईत शिरलेलं बाळाचं रक्त मिलीमध्ये मिळतं, कारण आईचं रक्त ५ लिटर धरलेलं असतं. १.२ टक्के आलं तर ६० मिली. ३०० मायक्रोग्रॅमची एक कुपी ३० मिली रक्ताला पुरते, म्हणजे दोन. मोजणीतली चूक गृहीत धरून एक जास्त, म्हणजे तीन कुप्या.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. आईला बीटा-थॅलेसेमियाची वाहकता असेल किंवा विदर्भातल्या, आदिवासी पट्ट्यातल्या अनेक घरांत असतो तसा सिकलसेल असेल, तर तिच्या स्वतःच्या पेशींतही बाळाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन असू शकतं. मग मोजणी फुगते. अशा वेळी फ्लो सायटोमेट्रीवर डी-पॉझिटिव्ह पेशी मोजून घ्या.

---

मावळतीकर

चाचणीनळी यांच्या पुढचं, दवाखान्यातलं.

पहिल्या भेटीत गट आणि अप्रत्यक्ष कूम्ब्स (आईच्या रक्तात अशी अँटिबॉडी आहे का हे बघणारी चाचणी). निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात पुन्हा कूम्ब्सचा नमुना आधी घ्या आणि मग ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी द्या. उलटं केलं तर इंजेक्शनमधलीच अँटिबॉडी चाचणीत दिसते आणि आई संवेदित झाली की काय म्हणून धावपळ होते. प्रसूतीनंतर बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत दुसरा डोस. ७२ तास चुकले तर सोडून देऊ नका, दहा दिवसांपर्यंत दिलं तरी काही संरक्षण मिळतं. फक्त प्रसूतीनंतरचा डोस दिला तर संवेदित होण्याचं प्रमाण दीड-दोन टक्क्यांवर येतं, २८ आठवड्यांचाही दिला तर ०.२ टक्क्यांच्या आसपास.

सर्वांत जास्त सुटतात त्या मधल्या घटना. गर्भपात, गर्भनलिकेतला गर्भ, गर्भजल तपासणी, पोटावर मार, रक्तस्राव, आडवं किंवा पायाळू बाळ बाहेरून फिरवणं. १२ आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतात, पुढे ३००. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही, आणि कुपीवर स्नायूत असं लिहिलं असेल तर शिरेत द्यायची नाही. आई आधीच संवेदित असेल तर अँटी-डीचा उपयोग नाही, ते फक्त प्रतिबंध करतं.

संवेदित आईत टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण बघतात. १६ किंवा वर गेला की डॉप्लर सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीतल्या रक्ताचा वेग बघायचा. त्या आठवड्याच्या मध्यमानाच्या दीडपट ओलांडला की रक्तक्षय धरायचा आणि नाळेतून नमुना घेऊन, गरज असेल तर पोटातच रक्त द्यायचं. पोटातल्या बाळाला रक्त पहिल्यांदा १९६३ साली ऑकलंडमध्ये विल्यम लायली यांनी दिलं. आता ते नाळेच्या शिरेत देतात: ओ-निगेटिव्ह, आईच्या सीरमशी जुळवलेलं, ताजं, विकिरण केलेलं, लाल पेशींचं प्रमाण ७५ ते ८५ टक्के असलेलं घट्ट रक्त.

अँटी-केल (लाल पेशींवरच्या केल या दुसऱ्या घटकाविरुद्धची अँटिबॉडी) असेल तर टायटरवर विसंबू नका. ती अँटिबॉडी लाल पेशी फोडण्याबरोबर त्या बनवणाऱ्या मूळ पेशीही दाबते, म्हणून टायटर कमी असतानाही बाळ फिकट पडतं.

---

निशिगंध

२८ व्या आठवड्यातलं अँटी-डी पण आयजीजीच. ते पोटातल्या बाळाकडे जाऊन त्याच्या पेशी फोडत नाही का?

---

चाचणीनळी

जातं, पण फार थोडं. जन्मल्यावर बाळाची कूम्ब्स कधीकधी किंचित पॉझिटिव्ह येते ती याचमुळे, आणि त्यासाठी काही करावं लागत नाही. रक्तक्षय होईल एवढं प्रमाण त्यात नसतं. फक्त प्रयोगशाळेच्या फॉर्मवर इंजेक्शनची तारीख लिहा, नाहीतर आमच्याकडे विनाकारण तपास सुरू होतो.

---

पेशीमित्र

इथे एक प्रश्न स्वाभाविक येतो. बाळात बापाकडून आलेले एचएलए (पेशींवरचे, शरीराला आपलं-परकं ओळखायला लावणारे घटक) असतात, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात त्या एचएलएविरुद्ध आयजीजी सापडतेही. मग ती बाळाला का मारत नाही? कारण बाळापर्यंत पोचायच्या आधीच वारेतल्या बाळाच्या बाजूच्या पेशी ती शोषून घेतात. वारेच्या बाहेरच्या थरावर मात्र नेहमीचे एचएलए-ए आणि एचएलए-बी नसतातच, म्हणून आईशी थेट भिडणाऱ्या भिंतीवर हल्ल्याला जागा मिळत नाही. डी मात्र फक्त लाल पेशींवर असतो, वारेत शोषणारं काही नाही, सगळा मारा लाल पेशींवर.

रक्तगटाच्या ए आणि बी घटकांचं मात्र एचएलएसारखंच. ते सगळ्या ऊतींवर असतात, अँटिबॉडी पसरून जाते. ओ गटाच्या आईत ती आधीपासूनच असते, म्हणून तिच्या बाळाला पहिल्याच खेपेला, पहिल्या २४ तासांत कावीळ दिसू शकते, पण अँटिबॉडी पसरून गेल्यामुळे ती बहुधा निळ्या दिव्याखाली आटोपते.

---

खूरनाल

घोड्यांत हा सगळा प्रकार जन्मल्यानंतर घडतो, आणि म्हणून तो टाळता येतो. घोडीची वार अँटिबॉडी सोडत नाही, तेव्हा शिंगरू पोटात सुरक्षित. घोडीला आधीच्या विण्यात लाल पेशींवरच्या एए किंवा क्यूए या घटकांविरुद्ध अँटिबॉडी झाल्या असतील तर त्या चिकात साठतात. शिंगरू टुणटुणीत जन्मतं, पितं, आणि एक ते तीन दिवसांत सुस्त, पिवळं, लाल लघवी.

खेचर पैदास करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. गाढवाच्या लाल पेशींवर असा एक घटक असतो जो कुठल्याच घोडीवर नसतो, म्हणून घोडीपासून खेचर घेताना प्रत्येक विण जुळणीबाहेरची असते. पहिलं खेचर सहसा सुटतं, पुढची धोक्यात.

उपाय: शिंगरू जन्मल्याबरोबर, ते प्यायच्या आधीच, घोडीचा चीक शिंगराच्या पेशींशी मिसळून गुठळी होते का बघा. सलाइनमध्ये चीक दुप्पट-दुप्पट पातळ करत १:२, १:४, १:८, १:१६ अशा नळ्या लावायच्या, प्रत्येकीत शिंगराच्या रक्ताचा थेंब, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली ओतायच्या. १:१६ किंवा पुढेही गोळा तळाशी चिकटून राहिला तर पाजू नका. केवळ चिकाच्या घट्टपणामुळे पहिल्या नळ्यांत खोटी गुठळी दिसते, म्हणून घोडीच्या स्वतःच्या पेशींची एक रांग सोबत लावा. पॉझिटिव्ह आलं तर शिंगराला मुसकं बांधा, २४ ते ४८ तास दुसऱ्या घोडीचा चीक पाजा, आणि आईची धार नियमित काढून टाका. आतडं बंद झाल्यावर मुसकं काढा, मग तेच दूध निर्धोक.

मांजरांत बी गटाची मादी आणि ए गटाचा बोका. बी मांजरीत अँटी-ए उपजतच जोरात असते, म्हणून पहिल्याच विणीत पिल्लं मरतात. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्स या जातींत बी गट बराच आढळतो. जोडी लावायच्या आधी दोघांचा गट करा, नाहीतर पिल्लं पहिला दिवसभर वेगळी ठेवून बाहेरचं दूध द्या.

---

वासरू_आधी

गायींत हे सहसा घडत नाही. एकदा लशीमुळे घडलं. साधारण २००७ नंतर जर्मनीत आणि मग युरोपात इतरत्र दोन-तीन आठवड्यांची वासरं त्वचेतून, नाकातून रक्त गळून मरायला लागली. हाडाच्या मगजातल्या सगळ्या पेशी संपलेल्या. शोध लागला तो असा: बीव्हीडी या गायींच्या विषाणूजन्य आजाराची प्रेगशुअर ही लस गायीच्याच मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत बनवत. त्या पेशींचे प्रथिनांचे अवशेष लशीत राहिले आणि सोबतचं सहायक द्रव्य जोरदार होतं. टोचलेल्या गायींनी परक्या गायीच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. गायीला काही झालं नाही, त्या चिकातून वासरात गेल्या. २०१० साली युरोपात लस मागे घेतली. गाभण जनावराला द्यायची लस कुठल्या प्रजातीच्या पेशींवर वाढवली आहे, हा प्रश्न त्यानंतर नेहमी विचारला जातो.

---

चाचणीनळी

मुंबईचा संबंध सांगायचा राहिला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट नोंदवला. या व्यक्तींच्या लाल पेशींवर एच घटकच (ज्यावर ए आणि बी तयार होतात तो पाया) नसतो, तेव्हा त्यांच्या रक्तात अँटी-एच असते आणि ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. भारतात साधारण १०,००० मध्ये एक. फक्त पेशींचा गट केला तर हा ओ दिसतो. आईचं सीरम ओ पेशींशी लावलं की लगेच जोरात गुठळी होते, तिथे तो सापडतो. म्हणून गरोदर आईचा गट करताना उलट गटचाचणीत ओ पेशींची नळी कधीच वगळू नका. आधी कळलं तर बॉम्बे दाता शोधून ठेवता येतो आणि बाळाच्या काविळीवर नजर ठेवता येते. प्रसूतीत रक्तस्राव सुरू झाल्यावर कळलं तर हातात काही नसतं.

---

मावळतीकर

शेवटचा मुद्दा, आपल्या देशात फार महत्त्वाचा. आतड्याच्या किंवा सांध्यांच्या आजारासाठी आई इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेत असेल, तर ही औषधंही आयजीजी-१ आहेत. एफसीआरएन ती बाळाकडे पोचवतो आणि जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात राहतात. आपण जन्मतःच बीसीजी टोचतो, ती जिवंत लस. अशा बाळात बीसीजी अंगभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद आहे. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर आणि लसीकरण कार्डावर लाल शाईने लिहा, बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकला, आणि रोटाव्हायरसचं बालरोगतज्ज्ञांशी ठरवा. बाकीच्या निष्क्रिय लशी वेळेवर. याच प्रकारच्या सर्टोलिझुमॅब या औषधाला रिसेप्टर ओळखतो तो शेपटाचा भागच नसतो, म्हणून ते जवळजवळ जात नाही.

आईत अँटी-रो (स्वतःच्याच पेशींविरुद्धची एक अँटिबॉडी) असेल तर १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके आणि इको बघत राहा. शंभरात एक-दोन बाळांत हृदयाचा विद्युतमार्ग कायमचा बंद पडतो. आधीच्या बाळाला झालं असेल तर धोका १५ टक्क्यांच्या वर जातो आणि तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू करतात.

---

निशिगंध

वासरू_आधी, एक राहिलं. दुसऱ्या गायीचा चीक वापरा म्हणालात. तो साठवायचा कसा?

---

वासरू_आधी

तिसऱ्या वेताच्या पुढची, त्याच गोठ्यात राहिलेली गाय निवडा. तिने त्या जागेतले जंतू पाहिलेले असतात. ब्रुसेला आणि क्षयाची चाचणी निगेटिव्ह हवी. पहिल्या धारेचा चीक, ब्रिक्स २२ च्या वर, एक-एक लिटरच्या पसरट पिशव्यांत भरा, म्हणजे वितळायला वेळ लागत नाही. उणे २० अंशांत वर्षभर टिकतो, फ्रिजमध्ये दोनच दिवस. वारंवार वीज जात असेल तर वर्षभराचा भरवसा धरू नका, एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका. वितळवताना ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात पिशवी ठेवा, उकळत्या पाण्यात किंवा गॅसवर नाही. वासराला ३९ अंशांच्या आसपास पाजा. पिशवीवर गायीचा टॅग नंबर, तारीख आणि ब्रिक्सचा आकडा लिहा, आणि दुसऱ्या ते सातव्या दिवसात वासराचं रक्त घेऊन सीरममधलं एकूण प्रथिन बघा. डेसिलिटरला ५.२ ग्रॅमच्या खाली असेल तर पाजण्यात कुठेतरी चूक होते आहे.